मंडळीत नवी जबाबदारी मिळाली? सोमवारपासून काय करायचं ते

रविवारची चर्चमधली उपासना संपत आली की पाळकसाहेब जाहीर करतात, "पुढच्या महिन्यापासून तरुण संघाचं काम आपले हे भाऊ बघतील." टाळ्या होतात, प्रार्थना होते, कुणीतरी पाठीवर थाप मारतं. मग सोमवार उजाडतो. काम कुठून धरायचं हे कुणी सांगत नाही. "नम्र राहा, सेवक व्हा" एवढं मात्र सगळे सांगतात.

हा लेख त्या सोमवारसाठी आहे. तरुण संघ असो, घरसभा असो, संडे स्कूल असो की मंडळीची कमिटी. साक्री-नवापूर पट्ट्यातल्या मंडळ्यांमध्ये मी बरीच वर्षं या ना त्या कामात आहे, धुळे-भुसावळकडच्या मंडळ्यांतही जाणं-येणं असतं. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय: आपण मनातून नम्र आहोत की नाही, हे तपासत बसू नये. त्याचा हिशोब लागत नाही. कामाची रचनाच अशी लावावी की मोठेपणा मिरवायला जागा कमी उरेल. पैसे कोण मोजतं, निर्णय वर्षाच्या कोणत्या महिन्यात होतो, भांडी कोण घासतं, चाव्या कुणाच्या खिशात असतात, हे आधी नीट करा. मन हळूहळू मागून येतं.

जवळ काय काय लागेल

- मराठी पवित्र शास्त्र. खुणा करायला जीव कचरणार नाही अशी प्रत.
- दोन वह्या. एक जमाखर्चाची, दुसरी कमिटीच्या ठरावांची. एकीचं काम दुसरीत करू नका.
- छापील अनुक्रमांक असलेलं पावती पुस्तक.
- भिंतीवरचं कॅलेंडर. त्यावर कापूस वेचणी, केळीची कापणी, ऊसतोडीला जाण्या-येण्याचे दिवस, बाजाराचे वार लिहून ठेवा. हे का, ते चौथ्या पायरीत येईल.
- बादली, तांब्या, चार-पाच स्वच्छ टॉवेल.
- तुम्हाला तोंडावर खरं बोलू शकेल असा एक माणूस. हा नातेवाईक नसला तर उत्तम. मिळायला सगळ्यात अवघड वस्तू हीच, म्हणून शोध आजच सुरू करा.

१. आधी चार उतारे वाचा, पण क्रमाने

मार्कच्या शुभवर्तमानातले ८ ते १० हे तीन अध्याय एका बैठकीत वाचा. तुकड्यातुकड्याने वाचले की त्यातली गंमत निसटते. येशू तीनदा सांगतो की मला दुःख सोसावं लागेल, मला मारतील. तिन्ही वेळा शिष्यांची गाडी भलत्याच रुळावर जाते. पहिल्यांदा पेत्र त्यालाच बाजूला घेऊन दटावतो. दुसऱ्यांदा वाटेने चालताना "आपल्यात मोठा कोण" यावर वाद होतो, आणि कशावरून वाद चालला होता असं येशूने विचारल्यावर सगळे गप्प. तिसऱ्यांदा याकोब आणि योहान उजवी-डावीकडची आसनं मागून घेतात, आणि बाकीचे दहा त्यांच्यावर चिडतात. का चिडतात? मला तर वाटतं, आपण मागायच्या आधी यांनी मागितलं म्हणून. तेव्हा येशू सांगतो की अधिकारी लोक प्रजेवर धनीपण गाजवतात, तुमचं तसं नसावं. ज्याला मोठं व्हायचंय त्याने सर्वांचा सेवक व्हावं (मार्क १०:४२-४५).

मग लूक २२:२४-२७. मोठेपणाचा हाच वाद शेवटच्या भोजनाच्या मेजावरही निघतो. म्हणजे तीन वर्षं सोबत राहूनही हे डोक्यात शिरलेलं नव्हतं. आपल्या कमिटीत दर बैठकीला तोच रुसवा निघाला तर निराश होऊ नका, परंपरा जुनी आहे.

मग योहान १३:१-१७, पाय धुण्याचा प्रसंग. येशूला धरून देणारा यहूदा त्या खोलीतून बाहेर जातो तो ३० व्या वचनात. म्हणजे पाय धुतले तेव्हा तोही तिथेच बसलेला होता. हे एकदा ध्यानात आलं की "अमक्याची सेवा मी करणार नाही" हे वाक्य ओठावर यायला जड जातं.

शेवटी फिलिप्पैकरांस पत्र २:१-११. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञापालन केलं. हा उतारा आपण उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) गंभीर आवाजात वाचतो. पण त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोघी सहकाऱ्यांना एकचित्त व्हा अशी पत्र लिहिणारा प्रेषित पौल कळकळीची विनंती करतो. इतकं उंच ख्रिस्तशास्त्र लिहिताना त्याच्यापुढे मंडळीतली बेबनावाची माणसं होती. आपल्याकडच्या स्त्री मंडळातला किंवा गायनवृंदातला रुसवा या उताऱ्याच्या मापाबाहेरचा नाही.

वाचताना एक करा: ज्यांना वाचता येत नाही अशा कुणासोबत बसून मोठ्याने वाचा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या आज्या असे प्रश्न विचारतात की टीकाग्रंथ बाजूला ठेवावा लागतो.

(नोकरीतल्या ट्रेनिंगमध्ये 'सर्व्हंट लीडरशिप' ऐकून आलेल्यांसाठी: ही संज्ञा रूढ केली रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन माणसाने, १९७० च्या निबंधात. कामाची कल्पना आहे. पण तिथला सेवक शेवटी संस्थेच्या भल्यापर्यंत पोचतो. इथला वधस्तंभापर्यंत जातो. दोन्हींची सरमिसळ करून प्रवचन करू नका.)

२. पद राहू द्या, आधी एक काम धरा

पहिले दोन-तीन महिने एक असं काम उचला जे कुणाच्या नजरेत भरत नाही. सतरंज्या झटकून घडी घालणं. सभेआधी माठ भरणं. संडासात पाणी आहे का बघणं. रात्रीची सभा संपल्यावर म्हाताऱ्या माणसांना मोटारसायकलवरून घरी सोडणं. खान्देशात एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, म्हणून उन्हाळी सभा रात्रीच लागतात, आणि अंधारात पाड्यावर परत जाणाऱ्यांची काळजी स्टेजवरच्या कुणालाच नसते.

मी नव्या माणसाला सहसा पातेल्यापाशी उभं करतो. सभेची खिचडी शंभर-दीडशे माणसांची असते. जेवणं उरकली की मोठं पातेलं परसात जातं. तळाला बोटभर जाड करपा. त्यात पाणी ओतून तो आधी भिजू द्यावा लागतो; घाईने उलथन्याने खरवडायला गेलात तर भांड्याला चरे पडतात आणि करपाही निघत नाही. मग राख, नारळाची शेंडी, आणि वाकून आत अर्धं अंग घालावं लागतं. कपडे खराब होतात. तोवर बाहेर बाकीची मंडळी खुर्च्यांवर बसून पाहुण्या वक्त्याशी बोलत असतात, आणि तुमच्यासोबत घासणाऱ्या दोन मावशी घरच्या अडचणी सांगायला लागतात. कुणाच्या मुलाची फी भरायची राहिलीय, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागलाय. मंडळीची खरी खबर त्या परसात मिळते. माईक हातात असताना ती कधीच मिळत नाही.

अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडायचे, असं आपल्याकडे अजून सांगतात. ते ख्रिस्ती नव्हते, पण खान्देशातल्या माणसाला सेवेचं उदाहरण द्यायला परदेशात जायची गरज नाही, म्हणून हे मी तरुणांना आवर्जून सांगतो.

*इथे पाय घसरतो:* फोटो. पातेलं घासतानाचा फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर गेला की काम संपलं. दानधर्म लोकांना दाखवायला करू नका, असं मत्तय ६:१-४ मध्ये जे आहे ते भांड्यांनाही लागू आहे. दुसरा कुणी फोटो काढत असेल तर हसून म्हणा, "राहू दे रे, त्यापेक्षा हे झाकण धर."

३. पाय धुण्याचा विधी करायचा असेल तर

बऱ्याच मंडळ्यांमध्ये उत्तम शुक्रवारच्या आदल्या गुरुवारी पाय धुतात. काही ठिकाणी नवे वडील (मंडळीचे पुढारी) किंवा सेवक नेमतानाही करतात. हा विधी नाटकी व्हायला वेळ लागत नाही, म्हणून थोडी व्यवहाराची माहिती.

ज्यांचे पाय धुणार त्यांना आदल्या दिवशी विचारा. ऐनवेळी पुढे ओढलं तर माणूस लाजेने मरतो. कपाशीत, उसात राबणाऱ्यांच्या टाचा भेगाळलेल्या असतात आणि त्या चारचौघांत दाखवायची त्यांची तयारी नसते. बायकांचे पाय बायकांनीच धुवावेत. पाणी कोमट घ्या, प्रत्येकासाठी नवं ओता, टॉवेलही वेगळा. मधुमेही माणसाच्या पायाला जखम असेल तर चोळू नका, नुसतं पाणी ओतून हलक्या हाताने टिपा. बादली भरणं आणि घाण पाणी नेऊन टाकणं हे काम तरुण पोरांवर ढकलू नका. जो पाय धुतो त्यानेच पाणी टाकायला जावं.

आणि एकदा तरी स्वतःचे पाय दुसऱ्याला धुवू द्या, तेही तुमच्यापेक्षा गरीब, कमी शिकलेल्या माणसाला. येशू पाय धुवायला आला तेव्हा पेत्राला नेमकं हेच झेपत नव्हतं. आपल्याकडे पाहुण्याला दारात पाय धुवायला पाणी देतात, त्यामुळे पाणी देणं आपल्याला सवयीचं आहे. घेताना जीव वरखाली होतो.

४. कुणाचं ऐकून घ्यायचं राहिलंय ते शोधा

या पायरीवर थोडं थांबा, बहुतेक मंडळ्या इथेच अडखळतात.

प्रेषितांची कृत्ये ६:१-६ काढा. यरुशलेमेतल्या मंडळीत रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या यहूदी विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, ती दाबली नाही, स्वतःच वाटप करत बसले नाहीत, आणि "आमच्यावर विश्वास नाही का" असंही विचारलं नाही. त्यांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव. सगळी नावं ग्रीक. म्हणजे वाटणीचं काम बहुधा ज्या गटाची तक्रार होती त्याच गटाच्या हाती दिलं गेलं. एवढं धाडस आपल्या किती कमिट्यांना होईल?

आता आपल्याकडे बघा. एकाच मंडळीत अहिराणी बोलणारे, मावची बोलणारे, पावरी बोलणारे, आणि नोकरीनिमित्त बाहेरून आलेले शुद्ध मराठीवाले. बैठक मराठीत, ठराव मराठीत, आणि "कुणाला काही बोलायचंय का?" हेही मराठीत. मागच्या रांगेतली माणसं मान हलवतात आणि घरी जाऊन मावचीत बोलतात. बैठकीत अर्धा तास त्यांच्या भाषेसाठी ठेवा. तुम्हाला ती येत नसेल तर तुम्ही गप्प बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमच्यासाठी मराठी करून सांगायला लावा. पुढाऱ्याला समजून घ्यायला दुभाषा लागतोय, हे मंडळीने बघितलेलं चांगलं असतं.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यांवरून कितीतरी कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. होळीच्या सुमारास घरं पुन्हा उघडतात. आणि आपली वार्षिक सभा कधी? डिसेंबर-जानेवारीत, कारण नाताळला नोकरदार मंडळी गावी आलेली असतात. म्हणजे कमिटीची निवड, बांधकामाचा ठराव, पाळकांच्या मानधनाचा निर्णय, सगळं त्या वेळी होतं जेव्हा सगळ्यात गरीब सभासद उसाच्या फडात कोयता चालवत असतात. कुणी मुद्दाम करत नाही. पण वर्षानुवर्षं असंच चालतं. नव्या माणसाने येऊन बाकी काही नाही केलं आणि एवढी एक सभा होळीनंतरच्या रविवारी नेली, तरी मी म्हणेन काम झालं. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, हिशोब वेगळा असेल. तिथे कापणीच्या गाड्या कधी लागतात ते विचारून घ्या.

तिसरी गोष्ट बसण्याची. याकोब २:१-४ मध्ये सोन्याची अंगठीवाला आणि मळकट कपड्यांतला अशी दोन माणसं सभेत येतात आणि एकाला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला पायाशी. आमच्याकडे अंगठीच्या जागी चारचाकी आहे. पंखा कुणाच्या डोक्यावर आहे ते पुढच्या रविवारी मोजा.

*इथे पाय घसरतो:* मदत देताना बदल्यात काहीतरी मागणं. औषधाला पैसे दिले, धान्य दिलं, आणि लगेच "आता रविवारी यायचं हं." मदत आणि सभेचं आमंत्रण एकाच भेटीत देऊ नका. चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयासारख्या ठिकाणी लोक पिढ्यान् पिढ्या येतात ते दुखणं घेऊन, धर्म घेऊन नाही, आणि उपचार सगळ्यांना सारखेच असतात. मंडळीच्या मदतीलाही तीच रीत हवी.

५. पैसा: इथे विश्वासावर चालू नका

अर्पणाची थैली दोघांनी मिळून मोजायची, दोघांच्या सह्या, दोघे एका घरातले नकोत. मोजणी उपासना संपल्यावर तिथेच करायची, घरी नेऊन नाही. प्रत्येक देणगीची पावती. महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च मोठ्याने वाचायचा, सूचना सांगतो तसा.

हा अविश्वास आहे असं कुणी म्हटलं तर २ करिंथ ८:१८-२१ वाचून दाखवा. यरुशलेमेसाठी जमवलेली वर्गणी नेताना पौलाने सोबत इतरांना घेतलं. आपल्यावर कुणी ठपका ठेवू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते करावं, म्हणून. प्रेषिताला साक्षीदार लागत होते, तर आपल्याला लागले म्हणून काय बिघडलं?

सध्याचा मोठा सापळा मोबाईलचा आहे. "फोन पे माझ्याच नंबरवर टाका, मी नंतर जमा करतो." हे कितीही सोयीचं वाटलं तरी करू नका. हेतू स्वच्छ असतो, पण सहा महिन्यांनी त्याच खात्यातून मुलाची फी गेलेली असते, किराणा गेलेला असतो, आणि कोणते पैसे कुणाचे हे देवालाच माहीत. मंडळीच्या नावाने बँक खातं आणि त्याचाच क्यूआर कोड, दोन सह्यांनी व्यवहार.

मंडळी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. जुनी माणसं मरून गेली तरी कागदावर तीच विश्वस्त, असा प्रकार सर्रास दिसतो, आणि पुढे जमिनीचा वाद निघाला की सगळे कोर्टात. ठराव वही, निवडीच्या सभेची सूचना, हजेरीच्या सह्या, राजीनामा असेल तर तो, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं आणि ओळखपत्रांच्या प्रती, एवढं एका फायलीत लावून वकिलाकडे जा.

६. मानसन्मानाचं काय करायचं

आपल्या भागात सत्काराशिवाय कार्यक्रम होत नाही. शाल, गुच्छ, स्टेजवर खुर्ची, फ्लेक्सवर फोटो. मत्तय २३:७-१२ मध्ये येशू मोठमोठ्या उपाध्या आणि बाजारातले नमस्कार यांवर सरळ बोट ठेवतो, आणि आपण त्याच अध्यायावर प्रवचन करून झाल्यावर शाल घेतो.

माझं मत: शाल नाकारण्याचा तमाशा करू नका. यजमानाने उधारीवर आणलेली शाल स्टेजवर परत केली तर त्याचा अपमान होतो आणि तुमच्या नम्रतेची गावभर चर्चा होते, म्हणजे दोन्हीकडून तुम्हीच मोठे. गुपचूप घ्या. पण ज्यावर तुमचा ताबा आहे ते आधीच ठरवून टाका. फ्लेक्स तुमच्या परवानगीने छापतात ना? मग त्यावर कार्यक्रमाचं नाव, वेळ आणि जागा, फोटो कुणाचाच नाही. स्टेजवर खुर्च्या फक्त बोलणाऱ्यांच्या. जेवायला कमिटी शेवटच्या पंगतीत, आणि शेवटच्या पंगतीला वरण पातळ झालं तरी तक्रार नाही. लूक १४:७-११ मध्ये मेजवानीतल्या जागेचाच विषय आहे, तो वाचून ठेवा.

लोक तुम्हाला 'साहेब' म्हणायला लागतील. थांबवता येत नाही. पण एखादा बालमित्र बाजारात गाठून विचारतो, "काय भो, आते तू साहेब व्हई गया का?" तेव्हा रागावू नका. जवळ असावा म्हणून वर सांगितलेला खरं बोलणारा माणूस बहुतेक हाच.

७. नम्र म्हणजे गप्प नव्हे

नवे लोक इथे फार गोंधळतात. सेवक व्हायचं म्हणून सगळ्यांचं सगळं ऐकायचं, कुणालाच नाही म्हणायचं नाही, असं काहींना वाटतं. येशूने मंदिरातल्या सराफांचे चौरंग उलथले. अंत्युखियात पेत्र चुकत होता तेव्हा पौल त्याला तोंडावर बोलला (गलतीकरांस पत्र २:११). मंडळीत कुणाचं चुकलं तर मत्तय १८:१५-१७ ची पद्धत वापरा: आधी एकट्याने त्याच्याकडे जा, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. आपल्याकडे क्रम नेमका उलटा चालतो. आधी सगळ्या गावाला कळतं, शेवटी त्या माणसाला.

मात्र लहान मुलावर किंवा बाईवर अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर 'क्षमा करा, मंडळीची बदनामी नको' हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ज्याला माहिती आहे त्या प्रत्येकावर. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. इथे वडिलांची कमिटी बसवून चौकशी करत बसू नका.

आणखी एक. सेवकपणाचा उपदेश खालच्या माणसाला करायचा नसतो. "बहिणींनो, सेवाभावाने स्वयंपाक करा" हे खुर्चीत बसून सांगणारा पुढारी मार्क १० वाचून काहीच शिकला नाही. त्या उताऱ्यात उपदेश आसनं मागणाऱ्यांना आहे, चुलीपाशी असलेल्यांना नाही. ज्या बायका दर सभेला चुलीपाशी असतात त्यांना यंदा पहिल्या रांगेत बसवा आणि पोळ्या लाटायला कमिटी जाऊ द्या. पोळ्या वाकड्या होतील, हरकत नाही. भाकरीचं धाडस मात्र करू नका.

घरचंही बघा. १ तीमथ्य ३:४-५ मध्ये मंडळी सांभाळणाऱ्याने आधी घर नीट चालवावं असं आहे. आठवड्यातल्या पाच रात्री सभेला आणि घरात बायको एकटी पाणी भरतेय, तर दोन रात्री कमी करा.

८. दुसऱ्या माणसाला तयार करा, आणि वेळेवर उठा

काम हातात घेतलं त्या महिन्यापासूनच कुणाला तरी सोबत ठेवा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसायचा, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील, माणसं नेम (निर्गम १८). सासऱ्याचा सल्ला मोशेने ऐकला, हे विशेष.

मला सगळ्यात आवडतो तो पौलाचा सहकारी बर्णबा. कृत्ये १३ च्या सुरुवातीला 'बर्णबा व शौल' (शौल म्हणजेच पौल) असा क्रम आहे. त्याच अध्यायाच्या शेवटाकडे 'पौल व बर्णबा' झालेला असतो. ज्याला बर्णबाने तार्सस गाठून शोधून आणलं, तोच पुढे निघून गेला. पुढे त्यांचं भांडण झालं, पण ते मार्क नावाच्या सोबत्यावरून. नाव मागे गेलं म्हणून बर्णबाने कुरकुर केल्याची एक ओळही सापडत नाही.

व्यवहारात असं करा. कमिटीच्या ठरावातच पदाची मुदत घाला, तीन वर्षं ठीक आहे. शेवटच्या वर्षी बैठक तुम्ही चालवू नका, सोबतच्याने चालवावी आणि तुम्ही वही लिहावी. काम सोपवताना या वस्तू एकेक करून हातात द्या आणि ठराव वहीत नोंद करा:

- जमाखर्चाची वही, पावती पुस्तकं (वापरलेली आणि कोरी), बँकेचं पासबुक आणि चेकबुक. बँकेतल्या सह्या बदलण्याचा अर्ज त्याच आठवड्यात.
- ठराव वही आणि धर्मादायची फाईल.
- सभासदांची यादी, पाड्यानुसार, कोण कोणत्या महिन्यात बाहेरगावी असतं त्या खुणांसकट.
- आजारी आणि एकट्या राहणाऱ्या माणसांची यादी. नव्या माणसाला प्रत्येक घरी स्वतः घेऊन जा, कारण नुसत्या यादीवरून कुणी दार उघडत नाही.
- व्हॉट्सअॅप ग्रुपचं अॅडमिनपद. तुम्ही साधे सभासद राहा.
- सभागृहाच्या, कपाटाच्या आणि भांड्यांच्या खोलीच्या चाव्या, सगळ्या. घरी खुंटीला एक जादा चावी टांगलेली असते, तीही द्या.

त्यानंतर निदान सहा महिने बैठकीत मागच्या रांगेत बसा आणि विचारल्याशिवाय बोलू नका. नवा माणूस सतरंज्या तुमच्यापेक्षा वेगळ्या बाजूने अंथरेल. अंथरू द्या.